आधी खोट, मग बोली

नाशिकरोडला जेलरोडवर लंकाबाई पगारे यांचं फ्रेमचं दुकान आहे. आता बाहेरगावची माणसं ते शोधत येतात ती लिलावघर म्हणून. मी त्याच गल्लीत राहतो. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि आता लंकाबाईंच्या लिलावाच्या यादीत चित्रांखाली ज्या तीन-चार ओळी छापतात, त्या मी लिहितो. त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. जे माझ्यासमोर घडलं नाही ते लंकाबाईंनी सांगितलं. त्यांना सांगायला आवडतं.

लंकाबाई मूळच्या सिन्नर तालुक्यातल्या. लग्न होऊन नाशिकरोडला आल्या तेव्हा सातवी शिकलेल्या होत्या. नवरा मल्हारी नोटांच्या प्रेसमध्ये. घरात बसून करमेना म्हणून त्या जवळच्याच एका फ्रेमवाल्याकडे पुठ्ठे कापायला जाऊ लागल्या. पुठ्ठ्यावरून काचेवर आल्या, काचेवरून लाकडावर. दुकानमालक म्हातारपणी मुलाकडे सुरतेला निघाले, तेव्हा त्यांनी दुकान लंकाबाईंनाच चालवायला दिलं आणि पुढे विकतही दिलं. पाटीवर मुलीचं नाव आलं, 'स्नेहा फ्रेम वर्क्स'.

एप्रिल महिन्यात या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. जयंतीच्या आधी पंधरा दिवस बाबासाहेबांचे फोटो, बुद्धाच्या तसबिरी, मंडळांची मानपत्रं. एरवी लग्नातले जोडफोटो, दहावीच्या गुणपत्रिका, गेलेल्या वडिलांचे फोटो. एकाने तर कंपनीने दिलेलं स्वेच्छानिवृत्तीचं पत्र फ्रेम करून नेलं होतं. लंकाबाई हात चालवत बोलायच्या आणि बोलत हात चालवायच्या. एखाद्याने नुसता भाव विचारला तरी त्याला लाकूड कुठून येतं, पॉलिश कोण करतं आणि मागच्या आठवड्यात काच कशी फुटली, हे सगळं ऐकूनच जावं लागे.

मल्हारीभाऊ याच्या अगदी उलटे. एकतीस वर्षं त्यांनी छापलेल्या शीटवरचे दोष शोधले. रेघ जाड झाली, ठिपका पडला, रंग केसभर सरकला की शीट बाजूला. बोलायचं काम नाही, बघायचं. ती सवय घरीही सुटली नव्हती. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका सापडत, मग लग्न कोणाचं ते कळे.

२०१५ मध्ये ते निवृत्त झाले आणि दुकानात येऊन बसायचं म्हणाले. बसायला जागाच नव्हती. माळ्यावर, काउंटरखाली, मोरीच्या भिंतीला टेकून, सगळीकडे फ्रेमा उभ्या. लोकांनी आगाऊ पन्नास-शंभर रुपये देऊन टाकलेल्या आणि परत न नेलेल्या.

"या कोणाच्या?" मल्हारीभाऊंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांच्या."

"कधीपासून?"

"ती वरची आपल्या सनीच्या जन्माची असंल," लंकाबाई म्हणाल्या. सनी, त्यांचा धाकटा, तेव्हा कॉलेजात होता.

त्यांनी सगळ्यांना फोन केले. निम्मे नंबर बंद होते. दुकानाबाहेर महिनाभर बोर्ड लावला. बारा जण आले, त्यातल्या चौघांनी दुसऱ्याचीच फ्रेम आपली म्हणून सांगितली. सत्तावन्न फ्रेमा उरल्या. मग मल्हारीभाऊंना त्यांचं गाव आठवलं. ते नामपूरचे. त्यांचे वडील तिथल्या कांदा बाजारात हमाल होते, आणि लिलाव बघत बघतच ते लहानाचे मोठे झालेले.

"लिलाव करून टाकू," ते म्हणाले. "तासाभरात मैदान मोकळं."

एका रविवारी वंदना झाल्यावर कॉलनीतल्या विहाराच्या हॉलमध्ये लिलाव ठेवला. गल्लीतली माणसं, प्रेसमधले जुने सोबती, असे पन्नास-साठ जण जमलो. लिलाव मल्हारीभाऊ पुकारणार होते. त्यांनी पहिलं चित्र उचललं. कमळांचं तळं. लोकांना वाटलं, आता 'बोला, बोला' म्हणतील. त्यांनी खिशातून भिंग काढलं.

"काचेला वरच्या कोपऱ्यात चीर आहे," ते म्हणाले. "हिरवा रंग उडालाय. खाली डाव्या हाताला जे काळं दिसतं ते कमळ नाही, झुरळाचा डाग आहे. वाळवी नाही, मी पाहिलंय."

लोक हसायला लागले. कोणीतरी दोनशे म्हणालं, कोणी तीनशे. एकाने साडेतीनशे म्हटल्यावर मल्हारीभाऊ त्याच्याकडे बघून म्हणाले, "एवढे कशाला? तीनशेच्या वर नाही ते."

तिसऱ्या चित्राला लंकाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली टेबलावर आपटायची लाकडी पट्टी काढून घेतली. "तुम्ही नुसती खोट सांगा," त्या म्हणाल्या. "भाव मी बघते." आणि पट्टी बाजूला टाकून पिशवीतली आपली छोटी हातोडी काढली, जिने त्या फ्रेमला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत.

तिथून पुढे हीच रीत पडली. आधी मल्हारीभाऊ उभे राहून चित्रातली खोट सांगणार, मग लंकाबाई बोली घेणार. नवरा चुका काढतो आणि बायको चुका ठोकते, असं गल्लीत म्हणू लागले. सत्तावन्नच्या सत्तावन्न फ्रेमा गेल्या. मी एक घोडा घेतला. मागचा पाय आखूड आहे हे मला आधीच सांगण्यात आलं होतं.

खरं तर ते एकदाच करायचं होतं. पण पुढच्या महिन्यात तिघं जण घरातली जुनी चित्रं घेऊन आले, आमचंही विकून द्या म्हणाले. शंभरातले पंधरा दुकानाचे, असं ठरलं. मल्हारीभाऊंनी एक नियम घातला: घरच्या कोणी बोली लावायची नाही, नाहीतर लोक म्हणतील, हेच भाव चढवतात.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, दुपारची वेळ, लंकाबाई एकट्याच दुकानात होत्या. पंचाहत्तरीच्या एक बाई आल्या. काठापदराचं लुगडं, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेली पावती काढून काउंटरवर ठेवली. पावती 'स्नेहा फ्रेम वर्क्स'ची होती, सहा वर्षांपूर्वीची. 'बाजाराचे चित्र, एक.'

लंकाबाईंना चित्र लगेच आठवलं. कळवणच्या आठवडे बाजाराचं, पाण्याच्या रंगात काढलेलं. मिरच्यांचे ढीग, वडाखाली बसलेल्या बाया. पहिल्या लिलावात ते सगळ्यात जास्त भावाला गेलं होतं. सिन्नरच्या दातांच्या डॉक्टर सरिता कुलथे यांनी बावीसशेला घेतलं होतं.

"मी यशोदाबाई देवरे," त्या बाई म्हणाल्या. "कळवणहून आले. आमच्या मास्तरांनी काढेल होतं ते. इथं टाकलं आणि ते आजारी पडले. मग गेलेच. तर मला असं कळलं की..."

"मावशी, मी तुम्हाला ते आणून देते," लंकाबाई म्हणाल्या. "आठ दिवस द्या मला. फोन लावला होता हो, लागलाच नाय. बोर्ड पण लावला होता. माझ्याकडून चुकी झाली, पण मी आणून देते, घरी आणून देते, तुम्ही परत नका येऊ एवढ्या लांब."

"नाय, पण माझं ऐकून..."

"तुम्ही काहीच बोलू नका. चहा घ्या."

यशोदाबाईंनी चहा घेतला, दोनदा तोंड उघडलं, आणि शेवटी पत्ता देऊन गेल्या.

तीन दिवस लंकाबाई धड जेवल्या नाहीत. नवऱ्याची आठवण म्हणून म्हातारीने सहा वर्षं पावती जपली आणि आपण चित्र विकून बसलो, हेच डोक्यात. चौथ्या दिवशी त्या सिन्नरला गेल्या. डॉक्टर सरितांनी चित्र दवाखान्यात बाहेरच्या खोलीत लावलं होतं.

"पेशंट आत यायला घाबरतात, तेव्हा हे बघत बसतात," डॉक्टर म्हणाल्या. "मिरच्यांचे ढीग मोजतात. आता रिकाम्या भिंतीकडे बघून काय मोजतील?" पण सगळं ऐकल्यावर त्यांनी स्टूल आणून चित्र स्वतः उतरवून दिलं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई गोधडीत गुंडाळलेलं चित्र मांडीवर घेऊन कळवणच्या एसटीत बसल्या. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे. लंकाबाईंनी सांगायला सुरुवात केली. दिंडोरी येईपर्यंत पुढच्या चार सीटा ऐकत होत्या. वणीला बस थांबली तेव्हा लोकांनी गोधडी सोडायलाच लावली. चित्र हातोहात मागच्या सीटपर्यंत गेलं. कळवणचा एक माणूस म्हणाला, "हा वड आता नाय. रस्त्यात गेला. पण असाच होता, डावीकडं वाकेल." कंडक्टरने चित्र लंकाबाईंच्या हातात परत देताना विचारलं, "मॅडम, तुम्ही काढलं?"

यशोदाबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. त्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. लंकाबाईंनी चित्र समोर ठेवलं आणि परत माफी मागायला लागल्या. यशोदाबाईंनी यावेळी हात वर केला.

"पोरी, जरा थांब. मला बोलू दे," त्या म्हणाल्या. "हे कशाला घेऊन आलीस? मी हे मागायला नव्हते आले."

लंकाबाई गप्प झाल्या. त्या सांगतात, आयुष्यात दोन-तीनदाच झाल्या असतील.

"माझा भाचा नाशिकरोडला असतो. त्यानं सांगितलं, मास्तरांचं चित्र लिलावात बावीसशेला गेलं. मला खोटंच वाटलं. म्हणून पावती घेऊन आले, तुला ओळख पटावी. बाकीची विकशील का, ते विचारायचं होतं."

"बाकीची?"

यशोदाबाईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं. पूर्वी तिथे धान्य ठेवत. आता दोन लोखंडी पेट्या होत्या. पेट्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकशे बारा चित्रं. यादव देवरे मास्तर चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांचे बाजार काढायचे. कळवण, नामपूर, सटाणा, सुरगाणा. बैल, बांगड्या, कांद्याचे ढीग, भांडणं, पावसात भिजलेली गिऱ्हाइकं.

"एवढी चित्रं. तुम्हाला ठेवावीशी नाय वाटत?" लंकाबाईंनी विचारलं.

"मी पन्नास वर्षं बघितली. तो काढायचा आणि लगेच मला हाक मारायचा, कसं झालं सांग. आता पेटीत कोण बघणार? मी एकटी. वाळवी बघणार." त्या हसल्या. "दहा ठेवते माझ्यासाठी. बाकी लोकांच्या भिंतीवर जाऊ दे. आणि हे दातवालीला परत देऊन टाक."

पेट्या नाशिकरोडला आल्या आणि पगारे कुटुंबाचे पुढचे तीन महिने त्यात गेले. मल्हारीभाऊ भिंग घेऊन एकेका चित्रापुढे बसत आणि खोट लिहून काढत. स्नेहा तेव्हा अंबडच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला होती. ती संध्याकाळी येऊन प्रत्येक चित्राचा फोटो घेई. तिनेच ते फोटो देवरे मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकले, आणि तिथून ते कुठे कुठे गेले याचा पत्ता लागला नाही. यादीसाठी कोणीतरी नीट मराठी लिहिणारा हवा म्हणून मला बोलावलं. मल्हारीभाऊंनी माझा पहिला मजकूर तपासून दिला. सात चुका होत्या.

काम चालू असताना एक दिवस मल्हारीभाऊ नामपूरच्या कांदा बाजाराच्या चित्रापुढे जे बसले ते उठेचनात.

"हा बघ," त्यांनी लंकाबाईंना भिंग दिलं. "डावीकडचा हमाल. हे बाबा."

"अहो, त्याला तोंडच नाय. तांदळाएवढा माणूस हाय तो."

"उभं राहायची तऱ्हा बघ. डोक्यावरचं फडकं बघ. बाबाच शेत." खूश झाले किंवा हळवे झाले की मल्हारीभाऊ गावाकडच्या अहिराणीत शिरतात; 'शेत' म्हणजे आहेत.

सनी म्हणाला, "पप्पा, मग ठेवून घेऊ ना आपण."

"घरच्यांनी बोली लावायची नाही," मल्हारीभाऊ म्हणाले. "नियम माझाच आहे."

लिलाव २०१७च्या जानेवारीत झाला. त्याच विहाराच्या हॉलमध्ये, पण मंडप बाहेर रस्त्यापर्यंत घालावा लागला. मास्तरांचे विद्यार्थी पुण्याहून, धुळ्याहून आले होते. एक जण तहसीलदार होता. त्याने सगळ्यांना सांगितलं की ब्रश धुतला नाही म्हणून मास्तरांनी त्याच्या कानाखाली मारली होती, आणि ज्या चित्रावरून मारली तेच घ्यायला तो आलाय. यशोदाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रत्येक चित्राला त्या शेजारच्याला सांगत, त्या दिवशी डब्यात काय दिलं होतं.

पहिल्या खेपेला चाळीस चित्रं होती. मल्हारीभाऊ खोट सांगत गेले, लंकाबाई बोली घेत गेल्या. मुंबईहून आलेले एक व्यापारी मधेच उठून स्नेहाला हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगा, खोट जरा कमी वाचा. भाव पडतो." स्नेहाने निरोप पोचवला. पुढच्या चित्राची खोट मल्हारीभाऊंनी माईक जवळ घेऊन वाचली. भाव काही पडला नाही. लोकांना उलट वाटू लागलं की ज्याने झुरळाचा डाग लपवला नाही, तो दुसरं काय लपवणार.

तेविसावं चित्र नामपूरचं. मल्हारीभाऊ उठले. भिंग काढलं, पुसलं, परत खिशात ठेवलं.

"कागद उजव्या कडेला सूतभर फाटलाय," ते म्हणाले. "आभाळात पाण्याचा एक डाग आहे." मग हातातली यादी खाली ठेवली. "डावीकडच्या हमालाला नाक काढलेलं नाही. माझ्या वडिलांना होतं."

हॉल हसला, आणि मग ज्यांना समजलं ते हसता हसता थांबले. लंकाबाईंनी नवऱ्याकडे न बघता बोली सुरू केली. पाच हजारांपासून वीस, वीसपासून चाळीस. शेवटी दोघंच उरले, ते मुंबईचे व्यापारी आणि नामपूरचे कांद्याचे आडते महेश कापडणीस. कापडणीस एकसष्ट हजार म्हणाले, तेव्हा मुंबईवाल्यांनी नकाराची मान हलवली.

"एकवार," लंकाबाई म्हणाल्या. "दोनवार." तिसऱ्या वेळी हातोडी जरा जोरातच पडली.

कापडणीस चित्र घेऊन आधी मल्हारीभाऊंकडेच गेले. "दादा, मी हे आडतीवर लावतो, गादीच्या वर. तुम्ही केव्हाही या. तुमच्या वडिलांना मी बघितलं नाय, पण माझ्या आजाला विचारतो, त्याला आठवत असंल."

आजोबांना आठवत होतं. नव्वदीतल्या त्या माणसाने चित्र बघून सांगितलं की तो हमाल मल्हारीचा बाप नव्हे, दुसराच कोणी; मल्हारीचा बाप उजवीकडचा, पोतं शिवत बसलाय तो. मल्हारीभाऊ भिंग घेऊन खास नामपूरला गेले आणि दोन तास वाद घालून आले. दर वर्षी जातात. वाद अजून मिटलेला नाही.

यशोदाबाईंच्या वाट्याचे पैसे लंकाबाईंनी स्वतः कळवणला नेऊन दिले. त्यातून त्यांनी घराचं छत बदललं आणि माडीवर एक उजेडाची खोली काढली. बाकीची चित्रं पुढच्या दोन वर्षांत गेली. एव्हाना जिल्ह्यात बातमी पसरली होती. येवल्याचे, सटाण्याचे, इगतपुरीचे ड्रॉइंग मास्तर, कोणी हयात, कोणाच्या मागे मुलं, पेट्या घेऊन येऊ लागले. प्रत्येकाच्या घरात माळ्यावर असं काहीतरी होतंच. स्नेहाने नोकरी सोडली. आईने महिनाभर अबोला धरला, म्हणजे दिवसातून दहा वाक्यं बोलली. मग स्नेहाने दुकानासाठी इंग्रजी नावाच्या चार पाट्या रेखाटून दाखवल्या.

"'पगारे लिलावघर' लिही," लंकाबाई म्हणाल्या. "लोकांना कळंल, आत काय चाललंय."

लॉकडाउनमध्ये हॉल बंद पडले, तेव्हा सनीने व्हॉट्सअ‍ॅपवर लिलाव घेतला. मल्हारीभाऊ खोट रेकॉर्ड करून पाठवायचे, लंकाबाई बोली. त्यांचा एक निरोप नऊ मिनिटांचा होता. मस्कतहून एका इंजिनिअरने कळवलं की चित्र नको, पण बाईंचे निरोप पाठवत राहा, घरचं कोणी बोलतंय असं वाटतं. दोन महिन्यांनी त्याने चित्रही घेतलं.

आता वर्षातून दोन मोठे लिलाव गंगापूर रोडच्या हॉलमध्ये होतात. तिथे एसी आहे, नंबरच्या पाट्या हातात देतात, फोनवरून बोली घ्यायला सनीचे तीन मित्र बसतात. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा लंकाबाईंना धास्ती होती, की त्या भागातली माणसं आपल्या हातोडीला काय म्हणतील. त्यांनी इस्त्रीची निळी साडी नेसली, माईकपुढे उभ्या राहिल्या, आणि पहिल्या चित्रावर दहा मिनिटं बोलल्या. मागून एक बाई म्हणाली, "आता विकता का?" सगळा हॉल हसला. धास्ती गेली.

गेल्या डिसेंबरच्या लिलावाला यशोदाबाई आल्या होत्या. चौऱ्याऐंशी वय, भाच्याचा हात धरून. त्यांना नंबरची पाटी दिली ती त्यांनी पदराने वारा घालावा तशी हलवायला सुरुवात केली, तेव्हा सनीने हळूच काढून घेतली. सतरावं चित्र सिन्नरच्या एका निवृत्त ड्रॉइंग बाईंचं होतं. पितळी ताटात पाच काटेरी वांगी. मल्हारीभाऊंनी खोट सांगितली: ताटाची एक कड जरा चपटी, वांगी मात्र बिनतक्रार. लंकाबाई तीन हजारांपासून सुरू झाल्या. पहिल्या रांगेतून हात वर गेला.

"मावशी, वारा घालता की बोली लावता?" लंकाबाईंनी माईकवरूनच विचारलं.

"बोली," यशोदाबाई म्हणाल्या. "साडेतीन."

मागून कोणी चार म्हणालं. यशोदाबाई मागे वळल्या, त्या माणसाकडे बघितलं आणि साडेचार म्हणाल्या. त्याने पाच म्हटलं. त्या सहा म्हणाल्या. तो हसत हात जोडून खाली बसला. हातोडी पडली.

चहाच्या वेळी लंकाबाईंनी विचारलं, "मावशी, घरात मास्तरांची दहा चित्रं हायेत. हे कुठं लावणार?"

"वरच्या खोलीत, दारासमोर," यशोदाबाई म्हणाल्या. "मास्तर होता तोवर दुसऱ्याचं चित्र घरात आणायची सोय नव्हती. फार चिडायचा." त्यांनी चित्र जरा लांब धरून बघितलं. "आणि खरं सांगू का, त्याला वांगी कधीच जमली नाहीत."